सातवा

बीडहून साडेसातची गाडी.
पुढच्या काचेवर खडूनं लिहिलेलं : पाथरमाळ,
एका कोपऱ्यात, पुसायची तयारी ठेवूनच.

मांजरसुंब्याला निम्मी गाडी उतरली,
फाट्यावर उरलेली.
मग मी, कंडक्टर गव्हाणे,
आणि मांडीवर भात्याची नळी घेऊन बसलेली एक बाई.

"कुणाकडं?" गव्हाणेंनी विचारलं.
"कुणाकडं नाही. बघायला."
त्यांनी सुटे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले,
जरा जास्तच आदरानं.

घाटात गाडी दुसऱ्या गिअरात कण्हत राहिली,
कानात दडे बसले, पुन्हा सुटले.
खाली सोडलेलं ऊन वर पोचलंच नव्हतं.
जिल्ह्याचे रस्ते इथूनच जातात खडी होऊन,
स्वतः गावाला मात्र तीन मैल धुरळा.

माळावर वारा, आणि त्याला आडवा क्रशरचा पत्रा.
झाड म्हणावं असा एक हिवर.
सगळं एकाच रंगाचं :
हिवर, कोंबड्या, दुकानातले बिस्किटाचे पुडे,
शाळेच्या भिंतीवरचा ज्ञ.
पलीकडं जमीन एकदम संपते
आणि खाली, खूप खाली,
डबक्याएवढं हिरवं पाणी.

भात्याची बाई माझ्या आधी उतरली होती.
मी हिवरापाशी पोचेपर्यंत
माझा "बघायला" सगळ्या गावात फिरून आला होता.
यंकाप्पा धोत्र्यांनी खुर्ची मांडली,
गमछानं दोनदा पुसली.
"कुठून आलाव? पोरगं काय करतं?"

मला पोरगं नाही.
हे सांगायचं होतं. पण तोवर
कपबशीत चहा आला होता
आणि कोणीतरी पोहे भिजवले होते.
भिजलेल्या पोह्यांना काय सांगणार?

शिवगंगा आली नाही. मलाच नेलं वजनकाट्यावर.
ती खिडकीत बसलेली, रजिस्टर उघडं,
भुवयांवर दगडाची पिठी.
"भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक," ती म्हणाली,
"माझं काम एवढंच. उरतं ते दगड.
तुम्ही खरंच कोणाला बघाया आलाव?"
"खाण," मी म्हणालो.
ती हसली नाही. "मग बरोबर जागी उभे आहात.
पण आता आत या."

भोंगा झाला.
बायांनी पातेल्यांवर ताटं घातली, पोरं ओढून घेतली,
कुत्री आपणहून ट्रकखाली गेली.
एका पत्र्याखाली आम्ही अकरा जण,
आणि कुणी बोलेना.
"मोजा," शिवगंगा म्हणाली.
"सात भरलेत."

एक. बशीतला चहा थरथरला.
दोन, तीन लागोपाठ.
चार पायांतून आला, कानांतून नाही.
पाच.
सहा.

यंकाप्पा तंबाखू मळत राहिले,
मळून झाली तरी मळत राहिले.
पत्र्यावर शेवटची खडी पडून गेली, रेतीसारखी.
कुणीतरी म्हणालं, दोन एकदम वाजले असतील.
कुणीच हो म्हणालं नाही.

मी पाहिलं मग जे बघायला आलो होतो :
अकरा माणसं एका आवाजाची वाट बघताना.
त्या पाण्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

अर्ध्या तासानं यंकाप्पा उठले.
लाल फडकं काठीला बांधलं, वहाणा झटकल्या.
"पोहे खाऊन जा," मला म्हणाले,
आणि उतरणीकडं निघाले,
बैल शोधायला निघावं इतक्या सावकाश.

शिवगंगानं रजिस्टरात वेळ लिहिली.
पुढचा रकाना कोरा ठेवला,
पेन मिटलं नाही.

गाडी आली. पोहे तसेच.
गव्हाणेंनी विचारलं, "पसंत पडली?"
मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागं
एक आवाज झाला.

गाडीचं दार आपटलं होतं,
म्हणजे गाडीचं दारच असेल.
घाट उतरेपर्यंत मी मागं वळून
दाराच्या कडीकडं बघत होतो.